थेंबताईंनी बोललेलं खोटं

कारखान्यात त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. ते नाव हजेरीपटावर होतं तेवढंच. गेटवरच्या रखवालदारापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, थेंबताई.

नाव पडलं ते ब्युरेटमुळे. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली लांब काचेची नळी. खाली तोटी असते. तोटी फिरवली की आम्ल थेंबाथेंबानं खालच्या फ्लास्कमध्ये उतरतं, आणि फ्लास्कमधला रंग बदलला की हात थांबवायचा. सांगायला सोपं आहे. पण निळ्याचा पिवळा होताना मध्ये क्षणभर एक हिरवट छटा येते, आणि तिथून पुढं एक थेंबही जास्त झाला तर सगळा आकडा बिघडतो. नवखी माणसं हमखास पुढं जातात. थेंबताई अर्ध्या थेंबावर थांबत. तोटीच्या टोकाला थेंब नुसता लोंबकळू द्यायचा, पडू द्यायचा नाही, फ्लास्कच्या काचेला हलकेच टेकवायचा आणि पिचकारीनं आत धुऊन घ्यायचा. नवीन लागलेल्यांना साहेब मुद्दाम आणून दाखवत, "बघा, याला म्हणतात हात."

कारखाना तसा लहानच. त्याच्या दोन बाजू होत्या. एका बाजूला प्रयोगशाळांसाठी लागणारी शुद्ध रसायनं बनत, तपकिरी काचेच्या बुटक्या बाटल्यांतून जात. दुसऱ्या बाजूला रंगाचं हार्डनर बनायचं. बसगाड्यांना, टाक्यांना, मोठ्या यंत्रांना जो टणक, चकचकीत रंग मारतात तो दोन डब्यांत येतो. एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र केले की काही तासांत तो थर दगडासारखा धरतो. थेंबताई म्हणायच्या, "तिकडे चिमूटभर माल आणि ढीगभर कागद, इकडे ढीगभर माल आणि चिमूटभर कागद." दोन्हीकडचे नमुने त्यांच्याच टेबलावर यायचे, आणि माल बाहेर पडायचा तो त्यांची सही झाल्यावरच.

एकदा एका घाण्याचा, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाचा, आकडा मर्यादेच्या किंचित बाहेर आला. माल घेऊन जाणारी गाडी फाटकात उभी. साहेब येऊन म्हणाले, "थेंबताई, एवढ्यातेवढ्यानं काय होतंय? जरा खालचा आकडा धरा."

"साहेब, आकडा माझा असता तर धरला असता. तो नळीचा आहे."

गाडी रिकामी गेली. साहेब दोन दिवस फुगून होते, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा घेऊन आले.

आरसेबुवांची आणि त्यांची गाठ पडली ती एका तक्रारीवरून. आरसेबुवा म्हणजे त्यांचे पुढं झालेले यजमान. हेही टोपणनावच. ते रंगारी होते, पण भिंतींचे नव्हेत. हातात फवाऱ्याची गन घेऊन बसगाड्यांवर कोट मारणारे. त्यांनी मारलेल्या कोटात बघून दाढी करता येईल असं लोक म्हणत, म्हणून आरसेबुवा. तर एके दिवशी हे बुवा हार्डनरचा अर्धा भरलेला डबा काखोटीला मारून थेट प्रयोगशाळेत आले आणि डबा टेबलावर आपटून म्हणाले, "तुमचा माल खराब आहे. तीन दिवस झाले, बस अजून बोटाला चिकटतेय. बसायला आलेली माशी तिथंच राहिली."

थेंबताईंनी डबा हूडखाली नेला. हूड म्हणजे वाफा वर ओढून घेणारं काचेचं कपाट. आत झाकण काढून बघितलं. वर साय धरली होती, खाली बुडबुडे.

"हा डबा उघडा किती दिवस होता?"

"उघडा कसला? झाकण होतं की."

"झाकण होतं, ते कळलं. लावलेलं होतं का?"

बुवांनी झाकणाकडे बघितलं. मग म्हणाले, "वर ठेवलेलं होतं."

"हवेतली ओल पिऊन बसलंय हे. ताकद निम्म्यावर आलीय. थांबा, दाखवते." आणि त्यांनी तिथंच नमुना घेऊन तपासणी लावली. बुवा कंटाळून जातील असं त्यांना वाटलं होतं, पण ते शेजारी उभे राहून डोळे ताणून बघत राहिले. निळ्याचा पिवळा झाला तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"एका थेंबानं?"

"अर्ध्या."

"आमच्याकडे मगानं मोजतात हो सगळं," बुवा म्हणाले, आणि इतके मनापासून हसले की थेंबताईंनाही हसू आवरेना. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. या वेळी डबा नवा होता, झाकण घट्ट होतं आणि मालात काही खोट नव्हती. "मग आणलात कशाला?" असं विचारल्यावर त्यांनी कान खाजवला. सहा महिन्यांत लग्न झालं.

संसार चांगला झाला. दोन खोल्यांचं घर, त्यात बुवांनी रंगवलेली प्रत्येक गोष्ट आरशासारखी. स्वयंपाकघरातली मांडणी, स्टूल, मुलीची सायकल. त्यांना एकच मुलगी. ती बापाची शेपूट. शाळा सुटली की दप्तरासकट वर्कशॉपच्या दारात. वर्कशॉपच्या मालकांना सगळे दादा म्हणत. बुवांना त्यांनीच गन धरायला शिकवलं होतं, आपल्या धाकट्या भावासारखं वागवलं होतं. दादा मुलीला खुर्ची देत आणि आतून बुवांची शीळ ऐकू येई. काम करताना शीळ घालायची त्यांची सवय. आणि शीळ घालायची म्हणजे तोंडावरचा मास्क खाली ओढायचा.

थेंबताईंना हे लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. त्यांच्या प्रयोगशाळेत हार्डनरचं झाकणसुद्धा हूडबाहेर उघडत नसत, आणि इथं हा माणूस त्याचं धुकं करून त्यातच उभा राहत होता.

"अहो, मास्क नीट लावा. तो कागदी नको, हवा गाळणारा डबीवाला लावा. आणि त्या डब्या बदला वेळच्या वेळी."

"अगं, डबीवाल्यात घाम सुटतो, काच धूसर होते, कड दिसत नाही. आणि वास येतो तो पहिली दोन मिनिटं. मग काही नाही."

"वास येतो तो थिनरचा. ज्याला भ्यायचं त्याला वासच नाही."

"वास नाही, दिसत नाही. मग त्याला भ्यायचं तरी कसं? ते तुमचं शिकलेल्या लोकांचं भूत."

त्या हसल्या. हसायला नको होतं, असं त्यांना पुढं हजारदा वाटलं. त्यांनी ओल्या टॉवेलवरून भांडणं केली, उघड्या राहिलेल्या नळावरून केली, बुवा मुलीला फार लाडावतात यावरून तर आठवड्याला एक. पण मास्कवरून भांडण केलं ते सोळा वर्षांत तीनदा. नंतर एकदा त्यांनी बसून ती तिन्ही आठवून काढली. चौथं काही सापडलं नाही.

सतराव्या वर्षी खोकला लागला. साधाच, कोरडा. संध्याकाळी घरी आले की सुरू व्हायचा, जिना चढताना मध्येच थांबायचे आणि "पायऱ्या वाढवल्या की काय कुणी?" म्हणायचे. डॉक्टरांनी सर्दी म्हटलं, मग धूळ म्हटलं, मग सिगारेट ओढता का विचारलं. बुवांनी जन्मात ओढली नव्हती. औषधं झाली, बाटल्या झाल्या. खोकला जाई आणि परत येई.

तो जातो कधी आणि येतो कधी, हे बघायचं थेंबताईंनी ठरवलं. तो त्यांचा धंदाच होता. औषधाच्या दुकानातून फुंकर मोजायची नळी आणली. जोरानं फुंकलं की आतला काटा सरकतो, छाती किती मोकळी आहे ते कळतं. दिवसातून चारदा बुवांनी फुंकायचं आणि मुलीनं वहीत लिहायचं. बुवांना गंमत वाटे. "वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकायच्या त्या आता रोजच," म्हणत. चार आठवडे झाल्यावर थेंबताईंनी कागदावर ठिपके मांडले आणि एक रेघ काढली. रेघ आठवडाभर खाली उतरत होती. सुटीच्या दिवशी वर चढत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली.

त्या कागद समोर घेऊन बसून राहिल्या. उत्तर चोख होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं असावं, पुन्हा मोजावं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो कागद बघितला आणि विचारलं, "हे कुणी काढलं?" मग बुवांकडे वळून म्हणाल्या, "काका, तुमच्या छातीनं त्या हार्डनरशी वैर धरलंय. हे वैर सुटत नाही. तुम्ही बरे व्हाल, अगदी छान व्हाल, पण त्याच्या जवळ जायचं नाही. मास्क लावूनसुद्धा नाही. थोडंसंसुद्धा नाही. छाती विसरत नाही."

बुवांनी वर्कशॉप सोडलं. दादांनी डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला. एका ओळखीच्या माणसाच्या रंगांच्या दुकानात ते गल्ल्यामागं बसू लागले. लोकांना रंगांची पुस्तकं दाखवायची, डबे काढून द्यायचे. "लग्नात वाढायला उभं केलंय, जेवायला नाही," असं म्हणत. शीळ बंद झाली. पण खोकलाही गेला. सात महिन्यांत नळीतला काटा पार वर गेला, मुलगी वही घेऊन नाचली. बुवा जिना एका दमात चढून येत आणि वर पोचल्यावर छातीवर थाप मारून म्हणत, "बघ, घोडा झालाय घोडा." थेंबताईंना वाटलं, निभावलं. काठावर का होईना, पण निभावलं.

दादांचा फोन आला तो एका बुधवारी सकाळी. थेंबताई तेव्हा कामावर निघून गेल्या होत्या. बारा बसगाड्यांचं काम होतं, अकरा झाल्या होत्या, आणि बारावीचा कोट नव्या माणसाच्या हातून संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसला होता. दोनदा घासून झाला, दोनदा तसाच. दादा म्हणाले, "तू नुसता ये. बाहेर उभा राहा. त्याला हात कसा फिरवायचा ते सांग. गनला हात लावायचा नाहीस, माझी शपथ आहे."

दादांनी शपथ घातली होती हे खरं. बुवा बाहेर उभे राहिले हेही खरं. नवा माणूस आत गेला, त्यानं सुरुवात केली, बुवा दारातून ओरडून सांगत होते, "लांब धर, लांब! मनगट वळवू नकोस!" त्याला काही जमेना. दादा फोन घ्यायला कार्यालयात गेले. ते परत आले तेव्हा दारात कुणी नव्हतं आणि आतून शीळ ऐकू येत होती. दादांनी पुढं सांगितलं ते असं, की ती शीळ ऐकून पहिला क्षणभर त्यांना बरंच वाटलं.

बुवा एक बाजू पूर्ण करून बाहेर आले. आरसा होता, आरसा. बाकावर बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत त्यांना बोलता येईना. गाडीत घातलं. दवाखाना वीस मिनिटांवर होता. बुवांचा श्वास बाराच मिनिटं पुरला.

थेंबताईंना प्रयोगशाळेत साहेबांनी येऊन सांगितलं. त्यांच्यासमोर तपासणी चालू होती. त्यांनी तोटी बंद केली, आकडा लिहिला, वहीवर सही केली, आणि मग खाली बसल्या. साहेब नंतर लोकांना सांगत, "बाई दगडाची आहे." दगडाची नव्हती. हाताला दुसरं काही येत नव्हतं.

तो डबा त्यांच्याच कारखान्याचा निघाला. घाण्याचा क्रमांक दादांनी सांगितल्यावर त्यांनी जुनी वही काढली. पाच महिन्यांपूर्वीचा घाणा. दोन वेळा तपासलेला, सगळे आकडे मर्यादेत, खाली त्यांची सही. त्यांनी ठेवणीतला नमुना काढून तिसऱ्यांदा तपासला. चूक निघावी म्हणून त्या तडफडत होत्या. चूक असती तर कुणावर तरी रागावता आलं असतं, निदान स्वतःवर तरी. पण माल चोख होता. जसा असायला हवा तसाच होता, आणि जे करायचं तेच त्यानं केलं होतं.

भेटायला येणाऱ्यांनी घर भरलं. नणंद आली. बुवांची थोरली बहीण. तोंडानं फटकळ, पण मनानं चांगली. आल्या आल्या गळ्यात पडून रडली आणि मग डोळे पुसत, अगदी सहज, म्हणाली, "तुला तर सगळं माहीत होतं ना गं? रोज तेच तर तपासायचीस." तिला टोचून बोलायचं नव्हतं. म्हणूनच ते जास्त टोचलं. थेंबताई म्हणाल्या, "हो वन्सं. माहीत होतं."

दादा मात्र उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत येईनात. थेंबताई बाहेर गेल्या तेव्हा ते म्हणाले, "मी फोन केला. मी केला फोन." एवढंच दोनदा. मग निघून गेले. वर्षभरात त्यांनी वर्कशॉप बंद केलं.

आता मुलीचं. ती तेव्हा पंधरा वर्षांची. रडली नाही. शाळेत जायची, यायची, भांडी घासून ठेवायची, जी तिनं कधीच घासली नव्हती. जेवण हळूहळू कमी होत गेलं. महिन्याभरात तिच्या मनगटाची हाडं दिसायला लागली. विचारलं की "भूक नाही." वर्गातल्या बाई घरी येऊन म्हणाल्या, "पोरगी खिडकीबाहेर बघत बसते, हाक मारली तरी कळत नाही. तिच्या मनात काहीतरी आहे हो."

एका रविवारी दुपारी थेंबताई कपाट आवरत होत्या. मागून मुलगी आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"आई, मला माहीत होतं."

"काय गं?"

"बाबा जाणार ते. त्या दिवशी मी शाळेला निघत होते. त्यांना फोन आला. ते म्हणाले, मी दादांकडे जाऊन येतो, आईला सांगू नकोस, उगाच डोकं खाईल. मी म्हटलं, मला काय देणार? ते म्हणाले, येताना तुला हवं ते आणतो. मी हसले, आई. मी हसत हसत गेले. शाळेत पोचल्यावर वाटलं होतं ऑफिसातून तुला फोन करावा. वाटलं होतं. पण केला नाही. केला असता तर तू गेली असतीस ना? तू पळत गेली असतीस ना?"

थेंबताईंच्या हातात बुवांचा शर्ट होता. मुलीचं तोंड त्यांनी बघितलं आणि त्यांना कळलं, की ही पोर दिवसातून शंभर वेळा तो फोन करतेय. आणि असं कुणीतरी आयुष्यभर करत राहू शकतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

खरं उत्तर होतं, "हो, गेले असते. पळत गेले असते. प्रयोगशाळेपासून वर्कशॉप पंधरा मिनिटांवर आहे." बावीस वर्षांत त्यांनी वहीत एकही आकडा खोटा लिहिला नव्हता.

"अगं वेडे," त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं की."

मुलगी दारापासून पुढं आली.

"तुला म्हणाले सांगू नकोस, आणि तू गेल्यावर मलाच फोन करून सांगितलं. त्यांच्या पोटात कधी काही राहिलंय का? म्हणाले, दादांनी बोलावलंय, जाऊ का?"

"मग तू काय म्हणालीस?"

थेंबताईंनी शर्टाची घडी घातली. बाही आत, कॉलर वर. आवाज हलू नये म्हणून त्या घडीकडेच बघत राहिल्या.

"म्हटलं, जा. आता बरे आहात, तर जाऊन या."

मुलीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ते त्यांना डोळ्यांनी दिसलं. ती खाली बसली आणि महिन्याभराचं एकदम रडली, मोठ्यानं, लहान मुलासारखी. थेंबताईंनी तिला जवळ घेतलं. बराच वेळ गेला. मग रडणं थांबलं, आणि मिठीतलं अंग हळूहळू ताठ होत गेलं. मुलीनं डोकं मागं घेऊन आईकडे बघितलं.

"पण तुला तर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आई. थोडंसंसुद्धा नाही, म्हणून."

"हो."

"तू रोज त्याचं काम करतेस. तुला सगळ्यात जास्त कळतं."

"हो गं."

"मग तू जा कसं म्हणालीस?"

त्यांनी इतका पुढचा विचारच केला नव्हता. "चुकलं माझं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मुलगी पोटभर जेवली. थेंबताईंनी वाढलं. मुलीनं मान वर केली नाही.

पुढची वर्षं तशीच गेली. मुलगी सावरली, अभ्यासाला लागली, पहिल्या पाचांत आली. आईशी बोलणं कामापुरतं. "दळण आणलंय." "फी भरली." कधी चिडली की तेच वाक्य यायचं, "तू जाऊ दिलंस." शेजारणी म्हणत, पोरगी आईवर फार खेकसते. थेंबताई म्हणत, वय आहे. कारखान्यात त्यांचा हात पहिल्यासारखा राहिला नाही. हिरवट छटा यायची आणि डोळ्यांसमोरून निसटायची. पिवळा होऊन वर थेंब पडायचा. तीच तपासणी दोनदा, तीनदा करावी लागे. साहेबांनी कधी काही म्हटलं नाही. त्यांच्यामागं लागून लागून थेंबताईंनी हार्डनरच्या डब्यावर एक ओळ छापून घेतली, बारीक अक्षरांत नव्हे, अंगठ्याएवढ्या: "वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही. मास्क काढू नका." ती ओळ किती जणांनी वाचली, देव जाणे.

खरं काय ते फक्त नणंदेला कळलं. बुवांचा फोन तिच्याकडे ठेवायला दिला होता. एकदा तिनं तो सुरू करून बघितला, आणि त्या बुधवारी त्यांनी बायकोला फोन केल्याची खूणच त्यात नव्हती. मुलीच्या तोंडून "आईनं जाऊ दिलं" हे तिनं ऐकलेलं होतं. ती तडक आली.

"अगं, हे काय करून बसलीस? सांग तिला. नाहीतर मी सांगते."

"वन्सं, तुमच्या पाया पडते, नका सांगू."

"अगं पण ती तुझा दुस्वास करते!"

"करू दे. माझा करतेय ना? स्वतःचा करायची ती. त्यात मेली असती पोर."

नणंदेनं कपाळाला हात लावला. "आणि तुझं काय?"

थेंबताई म्हणाल्या, "माझं तसंही खोटं नाही पूर्ण. जा असं त्या दिवशी म्हटलं नाही, एवढंच. सतरा वर्षं रोज जाऊच देत होते की."

नणंद त्यानंतर कधी बोलली नाही, पण भाचीनं आईला उलट उत्तर दिलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जाई.

मुलगी शिकायला बाहेर गेली, तिकडेच नोकरीला लागली. तिनं रसायनं घेतली नाहीत, पूल बांधायचं शिकली. वर्षातून दोनदा यायची, तीन दिवस राहायची. थेंबताई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी साहेबांनी त्यांना त्यांची ब्युरेट भेट म्हणून दिली. घरी आणून त्यांनी ती मांडणीवर आडवी ठेवली. आठवड्यानं पुसायला काढली तर हातातून सटकून फुटली. त्यांनी काचा गोळा केल्या. वाईट वाटलं, पण फार नाही.

मुलगी तिशीची झाली तेव्हा एकदा न कळवता आली. लग्न ठरवलं होतं तिनं. मुलगा तिच्याच कामावरचा. फोटो दाखवला. थेंबताईंनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, "कान मोठे आहेत. ऐकून घेणारा असेल." मुलगी कितीतरी वर्षांनी आईच्या बोलण्यावर हसली. मग बराच वेळ फोन हातात फिरवत बसली.

"आई, मला एक बोलायचंय. लग्नाच्या आधी बोलायचंय."

"बोल की."

"मी तुझ्याशी फार वाईट वागले. मला राग होता. खूप राग होता तुझा. पण आता मीही माणसांवर काम सोपवते. कधीकधी नको वाटत असूनही जा म्हणते. त्याची कळी खुलते ना, म्हणून म्हणते. बाबांनी तसंच विचारलं असणार तुला. फोनवरसुद्धा कळलं असणार तुला, ते किती खूश होते." तिनं फोन बाजूला ठेवला. "मी तुला माफ केलंय, आई. तुला हे सांगायलाच आले."

थेंबताईंनी पोरीकडे बघितलं. तिचं कपाळ बुवांसारखं होतं, बोलताना मान तिरकी करायची लकबही तीच. पंधरा वर्षं त्यांनी कुणाला न दाखवता जे जिभेखाली धरलं होतं, ते आता वर आलं. दाताशी येऊन थांबलं. बाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं, त्याचा आवाज खोलीत येत होता.

"बरं झालं गं," त्या म्हणाल्या. "बरं झालं माफ केलंस."

मग चहा टाकते म्हणून त्या आत गेल्या. मुलगी बाहेरून काहीतरी विचारत होती. लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं, आत्याला कधी सांगायचं. त्यांनी नळ मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात दोन-तीन मिनिटं जे करायचं होतं ते करून घेतलं, तोंड धुतलं, पदरानं पुसलं, आणि मग उत्तर दिलं, "आत्याला मी सांगते. तू नको सांगूस. मीच आधी बोलते तिच्याशी."